हवा आत, आवाज बाहेर

म्हातारपणी माणसाला एक हक्काचं काम मिळतं: पूर्वी सगळं कसं बरं होतं, हे समोरच्याची सोय न बघता सांगत राहणं. आमची पिढीही हे काम मन लावून करते. आमची म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांत महाराष्ट्रातून विलायतेत आलेल्या, कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅमच्या आसपास नोकरीला चिकटलेल्या आणि घराचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे वगैरे भागवून उरलेल्या पैशांत एखादी तिसऱ्या हातची एमजीबी घेतलेल्या मंडळींची. जुन्या गाड्यांबद्दल आम्ही जे सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं आणि उरलेलं निम्मं आम्हाला जास्त आवडतं. आज त्यातल्या एकाच गोष्टीचा हिशेब मांडतो. गाडी ज्या तोंडाने हवा घेते, त्या तोंडाशी आम्ही जे उद्योग केले त्यांचा.

एमजीबी १९६२ साली बाजारात आली. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात ती बनत असे. दोघांची बैठक, उघडं छप्पर, १७९८ सीसीचं इंजिन आणि कंपनीच्या म्हणण्यानुसार ९५ अश्वशक्ती. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या डाव्या अंगाला शेजारी शेजारी दोन एसयू कार्बोरेटर आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकेक काळा, पत्र्याचा, गोल डबा. डब्यात कागदी फिल्टर, डब्याला हवा घ्यायला एक नळकांडं. दिसायला डबे अगदीच बापुडवाणे. त्यामुळे गाडी दारात आली की पहिल्या मोकळ्या रविवारी आधी डबे निघत. इंजिनाला मोकळा श्वास मिळाला पाहिजे, हे आमचं तत्त्वज्ञान. कारखान्यातल्या इंजिनिअरांनी तिचं नाक मुद्दाम दाबून धरलंय आणि ते सोडवायला आपली नेमणूक झाली आहे, अशी आमची ठाम समजूत होती.

आजच्या गाडीचं बॉनेट उघडा. वर प्लॅस्टिकचं झाकण, झाकणावर कंपनीचं नाव, आणि झाकणाखाली तुमचं काही काम नाही हे न लिहिताच सांगितलेलं. हवेचा डबा इथेही असतो. पण तो पुढच्या जाळीमागून थंड हवा घेतो, आत येणारी हवा एक सेन्सर मोजतो, धुरात उरलेला प्राणवायू दुसरा सेन्सर मोजतो आणि पेट्रोल किती सोडायचं ते संगणक सेकंदाला कित्येकदा ठरवतो. माझ्या पुतण्याची साधी हॅचबॅक आमच्या एमजीबीपेक्षा लवकर वेग घेते, जवळजवळ निम्म्या पेट्रोलमध्ये तेवढंच अंतर जाते आणि जानेवारीतल्या सकाळीही एका झटक्यात सुरू होते. हवेचा डबा कसा दिसतो हे न बघता तो अख्खा जन्म काढू शकतो. आम्हाला त्याची कीव येते. त्यालाही आमची येत असणार, पण घरचं वळण चांगलं आहे, बोलून दाखवत नाही.

तेव्हा नवा फिल्टर घ्यायचा म्हणजे सोहळा असे. दर गुरुवारी ‘एक्स्चेंज अँड मार्ट’ यायचं. बातम्या नाहीत, अग्रलेख नाही, नुसत्या जाहिराती, आणि तरीही आम्ही ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत असू. त्यात चकचकीत क्रोमच्या चपट्या फिल्टरांची जाहिरात दिसली की पोस्टात जाऊन पोस्टल ऑर्डर काढायची, पाकिटात घालायची आणि वाट बघायची. माल पोचायला २८ दिवस लागू शकतील, असं जाहिरातीतच बारीक अक्षरात छापलेलं असे. या वाट बघण्यात एक गंमत होती. फिल्टर प्रत्यक्षात येईपर्यंत गाडी मनातल्या मनात कितीतरी वेगाने पळून येत असे.

आता रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मागवलेली वस्तू दुसऱ्या दिवशी दारात. गंमत अशी की, गाडी बनायची बंद होऊन पंचेचाळीस वर्षं झाली, तरी तिचे सुटे भाग कधी नव्हते इतके सहज मिळतात. एसयू कार्बोरेटर सॉल्सबरीची एक कंपनी आजही नव्याने बनवते. ब्रिटिश मोटर हेरिटेजने तर १९८८ पासून जुनेच साचे वापरून एमजीबीची कोरी बॉडी बनवायला घेतली. म्हणजे ज्याला हवी त्याने नवी कोरी जुनी गाडी उभी करावी. आम्ही मात्र २८ दिवसांची आठवण काढून सुस्कारे टाकतो. त्या पाकिटातून पुष्कळदा चुकीच्या मापाचा फिल्टर निघायचा आणि मग पुन्हा २८ दिवस, हे सुस्काऱ्यात बसत नाही म्हणून गाळतो.

फिल्टर बसवायचा कार्यक्रम रस्त्याच्या कडेलाच. गॅरेज असलेले लोक वेगळे. शेजारी हेन्सचं गाडीदुरुस्तीचं पुस्तक उघडं ठेवलेलं, पानांवर तेलाचे अंगठे उमटलेले. त्या पुस्तकात भाग सोडवायची कृती सविस्तर असे. बसवायच्या वेळी मात्र उलटा क्रम धरा, असं सुचवून ग्रंथकर्ते मोकळे होत. खरी मेख अशी की एसयूच्या तोंडाच्या पट्टीवर मुख्य भोकाखेरीज दोन बारीक भोकं असतात. त्यांतून कार्बोरेटरच्या पिस्टनखाली बाहेरच्या हवेचा दाब पोचतो. फिल्टरची पाठ किंवा गॅस्केट उलटं बसलं की ही भोकं बुजतात, पिस्टन वर उचलला जात नाही आणि गाडी चढावर धापा टाकते. इंग्लंडातल्या कित्येक एमजीबी अशा उलट्या गॅस्केटवर वर्षानुवर्षं चालल्या. मालक मित्रांना सांगत राहिले की नव्या फिल्टरने गाडीत केवढा फरक पडलाय. फरक पडला होता, यात खोटं काही नव्हतं.

फिल्टर बदलला की मिश्रण बदलतं. मग सुरू व्हायचं ट्यूनिंग. एसयूची रचना मोठी देखणी. इंजिन जितकी हवा ओढेल तितका आतला पिस्टन वर तरंगतो, त्याच्या पोटात बसवलेली निमुळती सुई जेटमधून तितकीच वर निघते आणि तेवढंच पेट्रोल वर येतं. सुयांना कुणाला अक्षरांचं नाव, कुणाला नुसता आकडा. दोन सुयांतला फरक इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचा. आम्ही रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत असू. आधी या कार्बोरेटरची सूं ऐकायची, मग त्याची. दोन्ही सारख्या झाल्या की हवा दोघांना सारखी जातेय. मग बाजूची पिन दाबून पिस्टन इवलासा उचलायचा आणि इंजिन काय म्हणतं ते ऐकायचं. वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. इंजिन कण्हत बंद पडायला लागलं तर पेट्रोल कमी. क्षणभर किंचित वाढून पुन्हा जागेवर आलं तर जमलं. नाहीतर जेटखालचा षटकोनी नट एक बाजू फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

ज्यांच्याकडे चार पैसे जास्त होते ते कलरट्यून आणत. हा काचेची खिडकी असलेला स्पार्क प्लग. तो लावला की इंजिनाच्या पोटातला जाळ दिसायचा. पिवळा-नारिंगी दिसला तर पेट्रोल जास्त, स्वच्छ निळा दिसला तर बरोबर. इंग्रज शेजाऱ्याला ही जादू वाटायची. आम्हाला मात्र आईने पिन मारून पेटवलेला प्रायमस आठवायचा, त्याचंही निळ्या-पिवळ्याचं हेच शास्त्र होतं. उजेडात तो रंग दिसत नाही, म्हणून हे काम संधिप्रकाशात चालायचं. बॉनेटखाली डोकं घालून तीन प्रौढ पुरुष निळ्या ठिपक्याकडे बघत उभे, आणि घरातून चौथ्यांदा जेवायची हाक.

आज स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडलं की गाडी स्वतःच आपली कुंडली वाचून दाखवते. जुन्या गाडीच्या एक्झॉस्टच्या नळीलाही प्राणवायूचा सेन्सर बसवता येतो, आणि मग हवा-पेट्रोलचं प्रमाण डॅशबोर्डवर आकड्यांत दिसतं. रबरी नळीने रविवारभर खपून आम्ही जे साधायचो, त्याहून चोख काम हा आकडा दोन मिनिटांत करतो. आमचं ट्यूनिंग पुढच्या थंडीच्या लाटेपर्यंत टिकायचं, कधी फक्त कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत. कानाने ऐकलेलं सगळं खरं असतं असंही नाही. आपल्या गाडीच्या बाबतीत प्रत्येकाचा कान थोडा पक्षपाती असतो.

आणि आता सगळ्यात नको असलेला हिशेब. ते बापुडवाणे डबे काढून आमच्या हाती काय लागलं? हवा एखाद्या भोकात शिरते तेव्हा भोकाची कड तीक्ष्ण असेल तर प्रवाह कडेवरून वळताना आकसतो आणि भोक आहे त्याहून लहान असल्यासारखं वागतं. कड गोलाईची असली की तो अलगद आत वळतो. कारखान्याच्या डब्यांत ही गोलाई बऱ्याचदा आधीच घडवलेली असे. आम्ही डबा काढला, त्याच्याबरोबर ती गोलाईही भंगारात टाकली आणि जागी बसवला सपाट पाठीचा क्रोमचा फिल्टर. डेव्हिड व्हिझार्डसारख्या माणसांनी अशा गोष्टी हवेचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर घासून बघितल्या आणि पुस्तकांत मांडल्या, तेव्हा कुठे आम्ही फिल्टरच्या आत बसणारी छोटी गोलाईदार तोंडं विकत घेतली. जे आधी फुकट होतं, तेच.

शिवाय या इंजिनात हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर टाकायची दारं एकाच बाजूला. म्हणजे कार्बोरेटर बरोबर तापलेल्या एक्झॉस्टच्या डोक्यावर. हवा साधारण तीन अंशांनी तापली की एक टक्का विरळ होते. आमचे उघडे फिल्टर रेडिएटरवरून, एक्झॉस्टवरून आलेली उकडलेली हवा आवडीने ओढत. चांगला फिल्टर, गोलाईदार तोंड, जुळणारी सुई, पुढच्या जाळीपासून आणलेली थंड हवेची नळी, असं सगळं जमवलं तर चाकं जागच्या जागी फिरवून शक्ती मोजणाऱ्या रोलिंग रोडवर दोन-तीन अश्वशक्ती वाढलेली दिसते. नुसता फिल्टर बदलून जे दिसायचं ते पावतीवर नीट पाहिलं तर उणेही असायचं. म्हणून पावती कुणी नीट पाहत नसे.

वाढायचा तो आवाज. त्या डब्याचं अर्धं काम धूळ अडवायचं आणि अर्धं आवाज गिळायचं. डबा गेला की गिळलेला आवाज मोकळा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून खर्जात घोंऽऽ असा हुंकार उठे. हुंकार ऐकून आम्हाला वाटे गाडी सुटली. वेगाचा काटा आपल्या जागेवरून तसा शांतपणे बघत असे. ज्यांनी हौसेने इटालियन वेबर कार्बोरेटर बसवले त्यांचा तर आवाज आधी पोचायचा आणि गाडी मागाहून. ज्यांनी फिल्टरच न लावता नुसते कर्णे लावले, त्यांची इंजिनं रस्त्याची धूळ खाऊन वेळेआधी झिजली. आवाज मात्र शेवटपर्यंत खणखणीत राहिला.

आता पहा. नव्या गाड्या इतक्या मुक्या झाल्या की कंपन्यांनाच चैन पडेना. फोर्डने फोकस एसटीमध्ये हवेच्या वाटेवरून एक खास नळी आत आणली, केवळ तो हुंकार चालकाच्या कानी पडावा म्हणून. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवला. एके काळी आवाज झाकायला डबा होता, आम्ही तो उघडला. आता डबा पक्का बंद आहे आणि आवाज वेगळा पुरवतात. हे ऐकून आम्ही मान हलवतो, खोटा आवाज म्हणून नाक मुरडतो. मग आठवतं की आमचाही आवाज खराच होता, पण तो ज्याची जाहिरात करत होता तो वेग नव्हता.

या सगळ्या स्मरणरंजनाचंही तसंच आहे, हे आम्हाला कळतं. मधला डबा काढला की आवाज मोठा येतो. त्या दिवसांच्या डब्यात आणखी बरंच काही होतं. फोरस्टार पेट्रोलमध्ये शिसं होतं. ते शिसं आम्ही घराघरांतल्या पोरांच्या फुप्फुसांत पोचवलं आणि ब्रिटनमध्ये ते सर्वसाधारण विक्रीतून पूर्ण जायला २००० साल उजाडावं लागलं. कार्बोरेटर भरून वाहायला लागला की पेट्रोल ठिबकायचं ते थेट तापलेल्या एक्झॉस्टच्या दिशेने. इंजिनाने उलटी ठिणगी फेकली की स्पंजचे स्वस्त फिल्टर पेट घ्यायचे. मागच्या चाकाजवळचा पेट्रोलचा पंप रुसला की उतरून त्याला बुटाच्या टाचेने ठोकावं लागे, आणि पावसात साडी सावरत बसलेली बायको आपण कुणाशी लग्न केलं याचा शांतपणे विचार करत असे.

पण तोच पंप चालू असतानाची गोष्ट वेगळी. किल्ली अर्धी फिरवली की मागून टिकटिक सुरू व्हायची. कार्बोरेटरच्या वाट्या पेट्रोलने भरेपर्यंत ती जोरात, मग मंद, मग बंद. बंद झाली की चोक ओढायचा आणि स्टार्टर द्यायचा. त्या काही सेकंदांत माणूस नुसता बसून असे. ना बोलायचं, ना कुठे बघायचं. आता बटण दाबलं की पडदा उजळतो आणि सीटबेल्ट लावा, मोबाइल जोडा, पुढच्या सर्व्हिसची तारीख ठरवा, अशा तीन विनंत्या एकदम येतात. सोय आहे, नाही कोण म्हणतं?

ही कला फक्त विलायतेतली, असा आमचा तोरा असे. सुट्टीत मुंबई-पुण्याला आलो की तो उतरायचा. अँबॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन आमच्या एमजीबीच्या इंजिनाचंच घराणं, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज. तिच्यावरही एसयूचाच कार्बोरेटर असे, फक्त एक. टॅक्सी मिसिंग मारायला लागली की कोपऱ्यावरचा मेस्त्री कान लावायचा, ‘कचरा आलाय’ म्हणायचा, जेट काढून फुंकर मारायचा, बसवायचा आणि चहाचा कप उचलायचा. रबरी नळी नाही, पुस्तक नाही, क्रोम तर नाहीच. आम्ही छंद म्हणून जे केलं, ते त्याने पोटासाठी केलं आणि निगुतीने केलं. आज त्याच्या जागी लॅपटॉप घेतलेला पोरगा आहे. त्याचे हात काळे होत नाहीत, कमाई बरी आहे. त्या मेस्त्रीला कुणी विचारलं असतं, तर त्याने आपल्या मुलासाठी हेच मागितलं असतं.

एमजी अ‍ॅबिंग्डनला आल्याची पन्नाशी थाटात साजरी झाली आणि लगोलग, १० सप्टेंबर १९७९ ला, कारखाना बंद करण्याची घोषणा झाली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात शेवटची एमजीबी बाहेर पडली. एकूण पाच लाखांवर गाड्या बनल्या. आम्ही मोर्च्यांच्या बातम्या वाचून हळहळलो, आणि हळहळत हळहळत जपानी गाडी घ्यायला गेलो, कारण ती सुरू व्हायची. आज एमजी हे नाव चिनी कंपनीकडे आहे. भारतात ते गुजरातेतल्या हालोलहून गल्लोगल्ली पोचलंय. त्याच नावाची दोन माणसांची उघडी गाडी, सायबरस्टर, विजेवर चालते. आमच्या गाडीला ताशी ६० मैल गाठायला १२ सेकंदांच्या आसपास लागत, हिच्या जोरकस आवृत्तीला सव्वातीन पुरतात. तिच्या बॉनेटखाली फिल्टर नाही, कार्बोरेटर नाही, हवा घ्यायचं तोंडच नाही. बदलायचं ठरवलं तरी बदलणार काय?

पुतण्या म्हणाला, “काका, तुमच्या गाडीलाही मोटर बसवून मिळते आता. कटकट संपेल.” त्याचं बरोबर आहे. इथे ब्रिटनमध्ये एमजीबीचं इंजिन काढून बॅटरी घालून देणारे कारागीर आहेत. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोलसुद्धा दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं झालं. ते जुन्या रबराला सोसत नाही आणि मिश्रणही पातळ करतं. कारणं सगळी त्याच्या बाजूची. आमच्या बाजूला फक्त एवढंच, की ती गाडी आम्हाला ढवळाढवळ करू द्यायची. आम्ही केलेल्या बहुतेक सुधारणांनी ती बिघडली आणि बिघडली की पुन्हा आम्हीच ती मार्गावर आणली. नव्या गाडीला आमची गरज नाही, आणि वयाच्या या टप्प्यावर गरज नसणं हा विषय आम्हाला गाडीपुरता ठेवता येत नाही. ब्युलीच्या जुन्या बाजारात आमचेच समवयस्क मूळचे काळे डबे शोधत फिरताना दिसतात. पन्नास वर्षांपूर्वी भंगारात टाकलेला पत्रा आता घासाघीस करून, चांगले पैसे मोजून घरी नेतात आणि बसवत मात्र नाहीत. आवाज जाईल ना.

दर वर्षी विम्याच्या नूतनीकरणाचा फोन येतो. इथला नियम असा की गाडीत काही फेरफार केला असेल तर तो सांगायचा. आम्ही प्रामाणिकपणे सांगतो: एअर फिल्टर बदललेला आहे. पलीकडची मुलगी विचारते, त्याने गाडीची शक्ती वाढली आहे का? हो म्हटलं तर हप्ता वाढतो, नाही म्हटलं तर आहे तोच राहतो. आणि खरं उत्तर स्वस्तातलंच आहे. तरी दर वर्षी आमच्यातला प्रत्येकजण तिथे क्षणभर अडतो, घसा खाकरतो आणि म्हणतो, “थोडीशी.”